आजी-आजोबांचे छायाचित्र कृत्रिम न वाटता कसे टिपावे?

कॅमेरा समोर आला की आजी-आजोबा ताठ बसतात, ही आपली अडचण खरी आहे. परंतु त्या ताठपणाला मी दोष मानत नाही. त्यांच्या पिढीतील अनेकांसाठी फोटो म्हणजे ठेवणीतले कपडे घालून, स्टुडिओत जाऊन काढून घ्यायची गोष्ट होती. म्हणून पदर सारखा करून किंवा टोपी नीट बसवून त्यांना हवा तसा पहिला फोटो आधी काढावा आणि त्यांना दाखवावा. त्यानंतर वाती वळणे, तांदूळ निवडणे, अडकित्त्याने सुपारी कातरणे असे रोजचे काम हाती असताना गप्पा सुरू कराव्यात. चेहरा आपोआप सैल होतो.

फ्लॅश टाळून त्यांना खिडकीशेजारी बसवावे, कारण एका बाजूने येणाऱ्या मऊ उजेडात सुरकुत्यांचा पोत उमटतो, तर समोरून पडणारा फ्लॅश तो सपाट करतो आणि चष्म्याच्या काचांवर चमकतो. मोबाइलची मुख्य लेन्स रुंद कोनाची असल्याने अगदी जवळून नाक मोठे दिसते. त्यामुळे पाच-सहा फुटांवरून दुप्पट झूम वापरावा. कॅमेरा असल्यास ८५ मिमीची (थोड्या अंतरावरून चेहरा टिपणारी) लेन्स उत्तम, आणि त्यांचे हात थरथरत असतील तर शटरचा वेग (फोटो टिपला जाण्याचा काळ) १/२५० सेकंदाच्या आसपास ठेवावा. त्वचा गुळगुळीत करणारा ब्यूटी मोड मात्र आठवणीने बंद करावा (काही फोनमध्ये तो आधीपासूनच चालू असतो). फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्यावी.