ती पिशवी आधी खाली आणा

'वय ३८, पाथर्डी फाट्याला राहतो, अंबडच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. वडील दिवाळीनंतर गेले. तेव्हापासून एकच प्रश्न पोखरतोय : काहीच नसण्याऐवजी हे सगळं आहेच का, आणि त्यात मी "आहे" म्हणजे नेमकं काय? रात्री दोन-दोनपर्यंत हायडेगर हा जर्मन तत्त्वज्ञ वाचतो. दुसऱ्याचं मरण आपल्याला अनुभवता येत नाही, असं तो म्हणतो, ते पटतं. घरात कुणाशी बोलावंसं वाटत नाही. काशीला न्यायच्या म्हणून राखलेल्या बाबांच्या अस्थी अजून गच्चीवर टाकीमागे पिशवीत टांगलेल्या आहेत, त्यामुळे आई वर येत नाही, वाळवण खोलीत पंख्याखाली घालते, पण ते असो. या प्रश्नाचं मी काय करू?'

'ते असो' कसं? तुमच्या अख्ख्या पत्रात तेवढीच ओळ मी परत परत वाचली. सहा महिने तुमची आई स्वतःच्या घराचा जिना चढलेली नाही. तिने तक्रार केली नसेल, म्हणून तुम्हाला ती सोय वाटली. मला राग आलाय, आणि तो लपवत नाही.

प्रश्न खोटा आहे असं मी म्हणत नाही. लाइबनिट्झ या जर्मन तत्त्वज्ञाने तो १७१४ मध्ये जवळजवळ याच शब्दांत विचारला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या १२९व्या सूक्ताने त्याच्या कितीतरी आधी विचारला आणि सात ऋचांनंतरही उघडाच ठेवला. हायडेगरचा 'बीइंग अँड टाइम' हा ग्रंथ १९२७ मध्ये आला तोही योजलेल्या सहा भागांपैकी दोनच घेऊन. उरलेले आलेच नाहीत. तुमच्याकडूनही तो प्रश्न या उन्हाळ्यात सुटणार नाही. जन्मभर जवळ बाळगा.

पण वाचताय तर नीट वाचा. दुसऱ्याच्या मरणाचं ते म्हणणं याच ग्रंथाच्या ४७व्या कलमातलं आहे. त्याच कलमात असंही आहे की गेलेला माणूस म्हणजे नुसतं प्रेत नव्हे. मागे राहिलेले अंत्यविधीतून, शोकातून त्याच्यासोबत असतात, त्याची आदराने काळजी वाहतात. तुम्ही सोयीचं उचललंत आणि हे गाळलंत. वडिलांचं मरण तुम्हाला अनुभवता येणार नाही, खरं आहे. त्यांची अस्थी उचलून नेणं मात्र तुमच्याच हातात आहे, आणि तेच तुम्ही टाळताय.

तेव्हा या आठवड्यात गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, जा. काशी सोडून द्या. अख्ख्या महाराष्ट्रातून लोक अस्थी घेऊन रामकुंडावर येतात आणि तुम्ही नाशकात राहून तिकिटाची वाट बघताय! पाऊस लागला, गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी लागलं, की घाटावर उतरताच येत नाही.

अमावास्या आणि सुट्टीचा दिवस टाळा, रजा टाका, सकाळी सातच्या आत पोचा. तुमचं मूळ गाव कोणत्या तीर्थोपाध्यायांकडे आहे याची पंचवटीत आदल्या दिवशी चौकशी करा. गावं आणि घराणी त्यांच्यात वाटलेली असतात. दक्षिणा आधी बोलून घ्या, म्हणजे घाटावर घासाघीस नको. सोबत पंचा, बदलायचे कपडे, पाव लिटर दूध, काळे तीळ, सुटी फुलं. पिशवी उतरवताना घाई करू नका. सहा महिने ऊन खाल्लेलं कापड विरतं आणि नेमकं गाठीपाशी फाटतं. म्हणून खाली स्टीलचा डबा धरा, मगच दोरी कापा. डब्यातूनच न्या. पिशवीतल्या फक्त अस्थी कुंडात सोडायच्या, त्याही अस्थिविलय तीर्थाच्या जागी. कापड, दोरी, प्लास्टिक पाण्यात टाकू नका. परत आल्यावर टाकीमागची जागा तुम्ही धुवा, ते काम बायकोला सांगू नका.

आईला घेऊन जा. 'येतेस का' असं दारातून विचारलंत तर ती 'तू जाऊन ये' म्हणेल. 'मंगळवारी रजा टाकलीय, आपण दोघं जातोय' असं सांगा. गुडघ्यांचा त्रास असेल तर पायऱ्या उतरवू नका, वर सावलीत बसवा. तुमचा विश्वास आहे की नाही हा विषय त्या दिवशी काढू नका.

आणि विधी आटोपला की लगेच उठू नका. उपाध्यायांना नामावळी, म्हणजे घराण्यांच्या नोंदींची वही, काढायला सांगा. दहाव्याच्या गडबडीत हे बहुधा राहून जातं. मूळ गाव आणि आडनाव सांगितलं की आजोबा-पणजोबांपैकी जो कुणी येऊन गेला असेल त्याची नोंद निघते, जुनी असेल तर मोडी लिपीत. त्याखाली बाबांचं नाव आणि तिथी लिहून घ्या, मग तुमचं, भावंडांचं, मुलांचं. आईचं नाव राहून जाणार नाही हे तुम्ही बघायचं. सही स्वतः करा आणि वही मिटायच्या आत तिला वाचून दाखवा.