गेमच्या खात्यातली माहिती फुटली आणि घरातलं बोलणं बंद झालं

“ऑनलाइन गेमच्या कंपनीचा मेल आला, तुमची माहिती चोरीला गेली असण्याची शक्यता आहे म्हणून. तेव्हापासून मुलगा रात्र-रात्र जागा असतो, सारखा फोन उघडून बघतो. हे गेमचं व्यसन समजायचं की आणखी काही?” समुपदेशक म्हणून माझ्याकडे हा प्रश्न बहुतेक वेळा आई-वडील घेऊन येतात. कधी विचारणारा स्वतःच तिशीतला नोकरदार असतो आणि बायकोला न सांगता आलेला असतो. उत्तर देण्याआधी एका घराबद्दल सांगते. घरच्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा नाशिकला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. आठवीत असताना त्याने त्या गेमवर खातं उघडलं. तेव्हा स्वतःचा ईमेल नव्हता म्हणून बाबांचा दिला. पुढे स्वतःचाही जोडला, पण मुख्य बाबांचाच राहिला. त्यामुळे माहितीचोरीची सूचना आली ती थेट बाबांच्या इनबॉक्समध्ये, ऑफिसच्या वेळेत. नाव, ईमेल, जन्मतारीख आणि पासवर्ड ‘सांकेतिक स्वरूपात’ गेला असावा, असं त्यात लिहिलं होतं. बाबा एका कंपनीत अकाउंट्स सांभाळतात. त्यांना पहिली आठवण झाली ती त्या खात्यावर कधीतरी वापरलेल्या स्वतःच्या कार्डाची. घरात पाऊल टाकताच ते कडाडले, “तरी सांगत होतो! या खेळापायी एक दिवस रस्त्यावर याल.” मागच्या सेमिस्टरचा राहिलेला विषय निघाला, वाया गेलेली रात्र निघाली, चुलतभावाची प्लेसमेंट निघाली. मुलगा ताटावरून उठून खोलीत गेला तो नीट बाहेर आलाच नाही.

आई एकटीच भेटायला आली होती. “मॅडम, फोन काढून घेऊ का त्याचा?” मी म्हटलं, आत्ता नको. आधी त्याला भेटू द्या.

पहिल्या भेटीत तो फार बोलला नाही. “पासवर्ड बदललाय. झालं ना?” एवढंच दोन-तीनदा म्हणाला. उठताना मात्र दाराशी थांबून त्याने विचारलं, “पोलिसांकडे तक्रार केली तर घरी कळतं का?” माहिती चोरीला गेलेला माणूस सहसा असं विचारत नाही. असं विचारतो तो ज्याला कोणीतरी धमकावलेलं असतं. मी त्याला सांगितलं, “तू सज्ञान आहेस. इथे बोललेलं तुझ्या परवानगीशिवाय बाहेर जाणार नाही. फक्त तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मी गप्प बसणार नाही, आणि तेही आधी तुला सांगेन.” ही मर्यादा सुरुवातीलाच उघडपणे सांगावी, असं माझं ठाम मत आहे. आपण कुठपर्यंत सुरक्षित आहोत हे कळल्यावरच माणूस बोलतो.

पुढच्या भेटीत त्याने फोनवर एक मेल दाखवला. इंग्रजीत. पहिल्याच ओळीत त्याचा पासवर्ड, अक्षर न् अक्षर बरोबर. खाली लिहिलं होतं, तुझ्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून तुझं नको ते चित्रण केलेलं आहे, ४८ तासांत बिटकॉइनमध्ये पैसे पाठव, नाहीतर तुझ्या सगळ्या ओळखीच्यांना पाठवू. मुदत केव्हाच उलटली होती, काहीच घडलं नव्हतं, तरी हा मुलगा रोज त्या क्षणाची वाट बघत होता. लॅपटॉप विकून पैसे उभे करायचे, असं त्याने मनात ठरवलं होतं.

“जीव नकोसा झाला होता का? सगळं संपवावं असं मनात आलं होतं का?” मी सरळ विचारलं. असं विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेला विचार शिरेल, या भीतीने पुष्कळ पालक तो विषयच टाळतात. तसं होत नाही. उलट कोणीतरी ते शब्द उच्चारल्यामुळे मोकळं व्हायला वाट मिळते. तो बराच वेळ खाली बघत राहिला, मग म्हणाला, “एकदा आलं होतं.” त्या दिवशी बाकी सगळं बाजूला ठेवलं. त्याच्याच संमतीने आईला बोलावलं, काही रात्री त्याला एकटं ठेवायचं नाही असं ठरवलं, आणि शासनाच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्याच्या फोनमध्ये घातला. तो चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

मग तो मेल आम्ही दोघांनी ओळीओळीने वाचला. या पद्धतीचे मेल २०१८ पासून जगभर लाखो लोकांना गेले आहेत. फुटलेल्या यादीतून ईमेल आणि पासवर्डची जोडी उचलायची, ठरावीक मजकुरात घालायची आणि एकगठ्ठा पाठवायची, एवढाच तो धंदा. बरा कारभार असलेल्या कंपन्या पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाहीत, त्याचं विस्कटलेलं रूप साठवतात. पण पासवर्ड म्हणजे स्वतःचं नाव आणि पुढे जन्मवर्ष असेल, तर संगणकाला अंदाज बांधायला फारसा वेळ लागत नाही. याचा तसाच होता. “यात तुझ्याबद्दल नेमकं काय माहीत आहे त्यांना?” मी विचारलं. त्याने पुन्हा वर-खाली बघितलं. “पासवर्ड सोडला तर काहीच नाही.” चित्रणाचा तुकडा नाही, एखादा फोटो नाही. पासवर्ड खरा निघाला म्हणून बाकीचंही खरं असणार, हा हिशोब त्याच्या घाबरलेल्या मनाने केला होता, आणि मेल लिहिणाऱ्याला नेमका तोच हवा असतो.

पुढची कामं सोपी होती, पण क्रम महत्त्वाचा. सगळ्यात आधी ईमेलचा पासवर्ड, कारण बाकीच्या सगळ्या खात्यांच्या किल्ल्या तिथूनच मिळतात. मग जिथे जिथे तोच पासवर्ड होता तिथे वेगळा. याच्या बाबतीत कॉलेजच्या पोर्टललाही तोच निघाला. मग दोन टप्प्यांची पडताळणी. धमकीला उत्तर नाही, पैसे नाहीत, मेल पुसायचा नाही, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार. पैसे गेलेले असते तर क्षणाचाही वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करायला लावला असता.

एवढं करूनही त्याचं फोन बघणं थांबलं नाही, आणि ते साहजिक होतं. आपला ईमेल कुठल्या चोरीत सापडला आहे का, हे सांगणारी संकेतस्थळं आहेत. एकदा बघून कामाला लागण्यासाठी ती उपयोगी आहेत. हा मुलगा ती रात्री दोनला, तीनला, पुन्हा साडेतीनला उघडत होता. दर वेळी चार मिनिटं बरं वाटायचं, मग शंका परत यायची. बघितल्याने जी सुटका मिळते तीच पुढच्या शंकेला खतपाणी घालते. “आता बघायचंच नाही” असं मी सांगत नाही, ते कोणाला जमतही नाही. सकाळी नाश्त्यानंतर एकदा आणि संध्याकाळी दिवेलागणीला एकदा बघायचं, मधे ऊर्मी आली की वहीत वेळ टिपून ठेवायची, असं ठरवलं. पहिले काही दिवस त्याची तगमग वाढली. ती वाढणार हे मी आधीच सांगितलं होतं. नंतर वहीतल्या नोंदी विरळ होत गेल्या, आणि झोप त्याच्याही आधी परतली.

बाबांना भेटायला बोलावलं तेव्हा ते हाताची घडी घालून बसले होते. त्यांची काळजी मला आधी ऐकायची होती, कारण त्या रागाखाली पैशांची खरी भीती होती. त्यांना मी एवढंच सांगितलं की १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार देशांतर्गत व्यवहारांसाठी विक्रेत्यांना कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवता येत नाही, शेवटचे चार अंक तेवढे राहतात. कार्ड परदेशी सेवेवर थेट वापरलं असेल तर मात्र या भरवशावर राहू नये, बँकेतून बदलून घ्यावं. आणि चूक ना बँकेची ना ग्राहकाची, अशा ठिकाणाहून माहिती फुटून पैसे गेले, तर कामकाजाच्या तीन दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर बोजा पडत नाही, हे रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात आहे. हिशोबाचा माणूस नियम ऐकून शांत होतो. ते दुसऱ्याच दिवशी बँकेत जाऊन कार्ड बदलून आले.

पण एक गोष्ट त्यांना डाचत होती. “एवढी धमकी आली आणि पोराने मला सांगितलं नाही?”

त्या भेटीत मुलगाही होता. मी २०११ ची हकिकत काढली. मुलाला ती तोंडपाठ होती, म्हणून त्यालाच सांगायला लावली. सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्क या ऑनलाइन गेमसेवेत त्या एप्रिलमध्ये घुसखोरी झाली. २० एप्रिलला कंपनीने सेवा बंद केली. सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची वैयक्तिक माहिती चोरट्यांच्या हाती लागली असावी, हे तिने लोकांना सांगितलं २६ एप्रिलला. १ मे रोजी टोकियोत सोनीचे वरिष्ठ अधिकारी काझुओ हिराई आणि सहकाऱ्यांनी पत्रकारांसमोर वाकून माफी मागितली. बहुतेक देशांत सेवा मेच्या मध्यावर टप्प्याटप्प्याने सुरू झाली, जपानमध्ये पूर्ण सुरळीत व्हायला जुलै उजाडला. भरपाई म्हणून फुकट गेम दिले गेले. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने २०१३ मध्ये अडीच लाख पौंडांचा दंड केला.

त्या वेळी कोणी बँकेत धावून कार्ड बंद केलं, कोणी कंपनीवर खटला भरला, कोणी फक्त “सुरू कधी होणार?” एवढंच विचारत राहिलं. खेळाबद्दल विचारणाऱ्यांना चोरीचं गांभीर्य नव्हतं, असं मी म्हणणार नाही. त्यांची संध्याकाळची मित्रमंडळी तिथे होती. पण सगळ्यांच्या रागात एक समान धागा होता, तो त्या सहा दिवसांचा. आम्हाला वेळेवर का सांगितलं नाही? बाबांची तक्रार अगदी तीच होती, फक्त ती कंपनीऐवजी मुलावर होती. मी त्यांना विचारलं, “सूचना आली त्या संध्याकाळी तुम्ही जे बोललात, त्यानंतर त्याने तुम्हाला सांगावं कसं?” बाबा काही बोलले नाहीत. मुलगा म्हणाला, “बाबा, मी सांगणार होतो. पण तुम्ही म्हणाला असतात, बघ, म्हणूनच.”

व्यसन की भीती, या प्रश्नाचं माझं उत्तर इथे आहे. अशा वेळी आलेली अस्वस्थता बहुतेकदा भीतीची आणि शरमेची असते. तिला व्यसन म्हटलं की मूल आणखी आत जातं, आणि धमकावणाऱ्याला एकटं सापडलेलं माणूसच हवं असतं. घरफोडी झाल्यावर शेजारी येऊन “कपाट घेतलंच कशाला?” असं विचारत नाहीत. खेळण्याच्या वेळेवरून घरात खरा वाद असेल तर तो जरूर करा, पण चोरीच्या आठवड्यात नाही. या घरातही तो वाद होताच. महिनाभराने तो आम्ही स्वतंत्रपणे घेतला. राहिलेला विषय, रात्रीची वेळ, सुट्टीचे दिवस, सगळं ठरलं, आणि ते ठरवताना दोघेही आवाज न चढवता बोलले.

“मग ते खातं बंदच करून टाकावं ना?” आईने शेवटी विचारलं. तो निर्णय मी मुलावर सोडला. त्याने खातं ठेवलं. शाळेतले मित्र आता पुण्याला, बंगळुरूला आहेत, त्यांची भेट तिथेच होते. ईमेल मात्र बाबांचा काढून स्वतःचा मुख्य केला. बाबांनी कंपनीला लिहिलं: चोरी कोणत्या तारखेला झाली, तुम्हाला कधी कळली, माझ्या मुलाची नेमकी कोणती माहिती गेली? फुटलेल्या माहितीची कल्पना प्रत्येक बाधित व्यक्तीला देण्याची तरतूद आपल्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात आहे, हे वाक्य पत्रात मुलाने घातलं. चौकशी चालू आहे, असं साचेबद्ध उत्तर आलं. दोघांनी मिळून दुसरं पत्र पाठवलं आहे.