बकरा, खापर आणि हुर्यो

प्रश्न असा आहे: 'युरोपातल्या फुटबॉलबद्दल मराठीत लिहिताना "स्कॅपगोट" हा शब्द सारखा आडवा येतो. संघ हरला की त्याच क्लबचे चाहते एका खेळाडूला धरतात, चूक त्याची असो वा नसो. मी "चाहत्यांनी कारिउसला बळीचा बकरा बनवलं" असं लिहिलं, तर मित्र म्हणाला हे मराठीच नाही. मग लिहायचं काय?'

मित्राची हरकत मला मान्य आहे, पण त्याचं कारण मान्य नाही. 'बळीचा बकरा' मराठीत इतका रुळलाय की त्याला आता परका म्हणण्यात अर्थ नाही. अडचण आहे ती त्या शब्दाने डोळ्यांपुढे उभ्या राहणाऱ्या चित्राची.

मुळात बकरे दोन होते. बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या १६व्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी सांगितला आहे. दोन बकरे आणायचे, चिठ्ठ्या टाकायच्या. एकाचा बळी द्यायचा. दुसऱ्याच्या डोक्यावर याजकाने दोन्ही हात ठेवून लोकांची सगळी पापं मोठ्याने कबूल करायची आणि मग त्या बकऱ्याला जिवंत रानात सोडून द्यायचं. १५३० साली विल्यम टिंडेलने याचं इंग्रजी भाषांतर करताना या दुसऱ्या बकऱ्यासाठी 'स्कॅपगोट' हा शब्द घडवला. निसटून गेलेला बकरा. म्हणजे स्कॅपगोट मरतच नाही! तो पापाचं गाठोडं डोक्यावर घेऊन हिंडत राहतो. मराठीत शब्द आणताना आपण नेमका पहिला बकरा उचलला.

आता लोरिस कारिउसकडे बघा. २६ मे २०१८, कीव्ह, युरोपातल्या क्लबांच्या सर्वात मोठ्या स्पर्धेची, चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत. लिव्हरपूलच्या या गोलरक्षकाने ५१व्या मिनिटाला हाताने फेकलेला चेंडू रेआल माद्रिदच्या बेन्झेमाने पाय आडवा घालून परस्पर जाळ्यात घातला. ८३व्या मिनिटाला गॅरेथ बेलने लांबून मारलेला चेंडू त्याच्या हातांतून निसटून आत गेला. माद्रिद ३–१ने जिंकलं. सामना संपल्यावर हा गडी रडत, हात जोडत आपल्याच प्रेक्षकांसमोर माफी मागत उभा राहिला. पुढे त्याला जिवे मारण्याच्या धमक्याही आल्या. काही दिवसांनी बॉस्टनच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की सामन्यात त्याच्या डोक्याला मार बसला होता आणि त्याचा नजरेवर परिणाम झाला असण्याची शक्यता आहे. पहिल्या चुकीच्या थोडंच आधी माद्रिदच्या सेर्खिओ रामोसचं कोपर त्याला लागलं होतं.

त्यानंतर लिव्हरपूलच्या पहिल्या संघाकडून तो एकही अधिकृत सामना खेळला नाही. बेशिक्ताश, युनिओन बर्लिन, न्यूकॅसल, शाल्के अशी क्लबाक्लबांतून वणवण झाली. गाव बदललं तरी पाटी तीच: 'कीव्हवाला कारिउस'. हा टिंडेलचा बकरा शोभतो खरा, पण मराठीतला बळीचा नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे बळी कोण देतं? ज्याच्या हातात सुरा असतो तो, आणि तेही स्वतःची कातडी वाचवायला. मालकांनी चार वर्षं चुकीचे खेळाडू विकत घ्यायचे आणि ऐन हंगामात मॅनेजरला नारळ द्यायचा, तिथे 'मॅनेजरला बळीचा बकरा केलं' हे चपखल बसतं. त्यात हिशेब असतो. चाहत्यांकडे सुराही नसतो आणि हिशेबही नसतो. असतो तो घसा, आणि हल्ली फोन.

चाहते जे करतात त्यासाठी मराठीत जुना, पक्का वाक्प्रचार आहे: खापर फोडणे. खापर म्हणजे मातीच्या भांड्याचा तुकडा. संस्कृत खर्पर, प्राकृत खप्पर, मराठी खापर. (पणजोबांच्या वडिलांना आपण खापरपणजोबा म्हणतो, पण ते असो, तिकडे वळलो तर फुटबॉल राहून जाईल.) या वाक्प्रचाराची गंमत अशी की त्यात अन्याय आधीच भरलेला आहे. 'दोष दिला' म्हटलं की दोष खरा असेल किंवा नसेल. 'ठपका ठेवला' म्हटलं की कुठलीतरी चौकशी समिती दिसते. 'आळ घेतला' याला चोरीचा नाहीतर चारित्र्याचा वास येतो. पण 'खापर फोडलं' म्हणताक्षणी ऐकणाऱ्याला कळतं की सांगणाऱ्याला हे पटलेलं नाही, जबाबदारी अनेकांची होती आणि माथा एकाचाच सापडला. म्हणून 'अन्यायाने खापर फोडलं' असं लिहू नका. ते 'पिवळा पीतांबर' होतं.

शिवाय ज्याच्या माथी खापर फुटतं तो पूर्ण निर्दोष असावा लागत नाही. हे मला फार मोलाचं वाटतं. कारिउसने चुका केल्या, त्या सगळ्या जगाने पाहिल्या. पण लिव्हरपूलचा हुकमी आक्रमक मोहम्मद सलाह अर्ध्या तासात जखमी होऊन बाहेर गेला, आणि मधला गोल बेलने उलटी उडी मारून केला, जो कुणालाही अडवणं कठीण होतं. 'चोर सोडून संन्याशाला सुळी' ही म्हण म्हणूनच त्याला लागू पडत नाही. ती हवी असेल तर लिव्हरपूलच्याच मधल्या फळीतल्या लुकास लेइवाला लावा. २००९मध्ये शाबी अलोन्सो लिव्हरपूल सोडून माद्रिदला गेला, मधल्या फळीत मोठं भगदाड पडलं, संघ त्या हंगामात सातवा आला. मालकांनी क्लब कर्जात बुडवला होता. आणि क्लबचेच चाहते वैतागायचे लुकासवर. त्याचा मुख्य गुन्हा काय, तर तो अलोन्सो नव्हता. पुढच्याच हंगामात चाहत्यांनीच मतं देऊन त्याला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरवलं, हेही सांगितलं पाहिजे.

हॅरी मॅग्वायरसाठी तिसरीच म्हण आहे: वड्याचं तेल वांग्यावर. २०१९मध्ये मँचेस्टर युनायटेडने त्याच्यासाठी ८ कोटी पौंड मोजले. बचावपटूसाठी तोवर कुणी इतके दिले नव्हते. आकडा ठरवला क्लबने, सही केली क्लबने. चाहत्यांचा खरा राग होता मालक ग्लेझर कुटुंबावर. पण ग्लेझर काही शनिवारी मैदानात उतरत नाहीत, मॅग्वायर उतरतो. इथे 'खापर' किंचित कमी पडतं. खापर हे अपयशाचं असतं, वड्याचं तेल हे रागाचं. ज्यावर राग त्याच्यापर्यंत हात पोचत नाही, म्हणून जवळ दिसेल त्याच्यावर काढायचा.

आता व्याकरणाचं थोडं. खापर 'माथी', 'माथ्यावर', 'डोक्यावर' फोडतात. नुसतं 'त्याच्यावर फोडलं' हेही चालतं. ते नेहमी अपयशाचं, पराभवाचं, गोंधळाचं असतं, विजयाचं कधीच नाही. विजयाचं श्रेय असतं आणि ते वाटून घ्यायला सगळे हजर असतात. 'खापर फोडलं गेलं' असं कृपा करून लिहू नका, मराठीत 'फुटलं' आहे ना! मात्र 'खापर कारिउसच्या माथी फुटलं' असं लिहिलं की फोडणारा अलगद गायब होतो. बातमीदारांना हे रूप आवडतं यात नवल नाही. चाहत्यांनी फोडलं असेल तर 'चाहत्यांनी' लिहा.

एक शब्द टाळा: 'घरचा आहेर'. आपल्याच लोकांनी केलेली टीका म्हणून तो मोहात पाडतो. पण घरचा आहेर सहसा कमावलेला असतो. 'मॅग्वायरला चाहत्यांचा घरचा आहेर' वाचून लोक म्हणतील, बरं झालं, कुणीतरी बोललं एकदाचं.

आणि मैदानावर जे प्रत्यक्ष ऐकू येतं त्याला 'बू केलं' कशाला लिहायचं? 'हुर्यो उडवली' हा नेमका शब्द घरात पडून आहे. डिसेंबर २००८मध्ये आर्सेनलच्या इमॅन्युएल एबुएचं काय झालं पाहा. मूळचा उजवा बचावपटू, दुखापतीतून नुकताच उठलेला. विगनविरुद्ध साथीदार नासरी जखमी झाला म्हणून याला बदली उतरवलं, आणि तेही डाव्या बाजूला. पाय काही लागेना. चेंडू त्याच्याकडे गेला की स्वतःच्याच प्रेक्षकांची कुजबुज, मग हुर्यो. शेवटी बदली आलेल्या खेळाडूचीच बदली करावी लागली, तेव्हा लोकांनी जल्लोष केला. आर्सेनल १–० पुढे होतं आणि जिंकलंही. म्हणजे इथे पराभवच नव्हता, मग खापर कशाचं? इथे 'खापर' बसत नाही, 'हुर्यो'च बसते.

तेव्हा तुमचं वाक्य मी असं करेन: 'पराभवाचं सगळं खापर चाहत्यांनी कारिउसच्या माथी फोडलं.' माणसासाठी नामच हवं असेल तर 'चाहत्यांच्या रोषाचा धनी' म्हणा. 'धनी' या शब्दातला खवचटपणा मला आवडतो.

याचा उलटा शब्दही डोक्यावरचाच आहे: डोक्यावर घेणे. ऑक्टोबर २०१९मध्ये क्रिस्टल पॅलेसविरुद्ध २–० आघाडी घालवून बरोबरीत आलेल्या आर्सेनलचा कर्णधार ग्रानिट झाका बाहेर यायला निघाला. तो रमतगमत चालतोय म्हणून घरच्याच मैदानावर त्याची हुर्यो उडाली. त्याने दंडावरची पट्टी काढून टाकली, कानाला हात लावून 'अजून ओरडा' अशी खूण केली, आणि थोड्याच दिवसांत कर्णधारपद गेलं. मे २०२३मध्ये वुल्व्ह्जविरुद्ध तो आर्सेनलकडून शेवटचं खेळला, दोन गोल केले, आणि त्याच मैदानावर त्याच लोकांनी तू जाऊ नकोस म्हणून गाणं धरलं.