टोल वजनाचा आणि टोल वेळेचा

या महिन्यात टोलबद्दल इतकी पत्रं आली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले आहेत. मी अठ्ठावीस वर्षं रस्त्यांच्या देखभालीचं काम केलं. त्यामुळे उत्तरं देताना खडी-डांबराकडे जरा जास्त झुकेन, ते समजून घ्या.

प्रश्न : ताई, माझे दोन मालट्रक आहेत. गाडी घेताना कर, डिझेलवर कर आणि वर प्रत्येक नाक्यावर टोल, तोही मोटारीच्या कितीतरी पट. रस्ता तर सगळेच वापरतात. मग दुरुस्तीचा बोजा आमच्याच डोक्यावर का?

उत्तर : दादा, तुमचा वैताग खोटा नाही. पण आधी एक हिशेब सांगते, जो तुम्हाला आवडणार नाही.

१९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ चाचणीसाठी खास रस्ते बांधले. काही पातळ, काही जाड, काही डांबराचे, काही काँक्रीटचे. सैन्यातले चालक त्यांच्यावरून ठरावीक वजनाचे ट्रक सुमारे दोन वर्षं फिरवत राहिले आणि कितव्या फेरीला कोणता रस्ता फुटतो याची नोंद होत गेली. त्यातून जो नियम निघाला तो आम्ही आजही वापरतो : ॲक्सलवरचं, म्हणजे चाकं जोडणाऱ्या आसावरचं, वजन वाढलं की रस्त्याचं नुकसान साधारण त्याच्या चौथ्या घाताने वाढतं. वजन दुप्पट केलं की नुकसान सोळा पट. मोटारीच्या ॲक्सलवर एक टन धरला आणि ट्रकच्या ॲक्सलवर दहा, तर ट्रकचा तो एक ॲक्सल मोटारीच्या ॲक्सलपेक्षा दहा हजार पट नुकसान करतो. मोटारींनी रस्ता जवळजवळ झिजतच नाही म्हटलं तरी चालेल.

आता तुमच्या बाजूने बोलते. ॲक्सलवर वीस टक्के जादा वजन असलेली गाडी नियमात भरलेल्या गाडीच्या दुप्पट रस्ता फोडते, आणि नाक्यावर वजन झालं नाही तर दोघांनाही पावती तेवढ्याच रकमेची मिळते. तुम्ही माल उतरवून रिकामे परतता तेव्हा ॲक्सलवर तीनेक टन उरले असतील, तर तुमचं नुकसान भरल्या गाडीच्या शंभराव्या हिश्शापेक्षाही कमी असतं. टोल मात्र पूर्ण. तक्रार करायची तर इथे करा. गाडीचा प्रकार बघून लावलेला सरसकट टोल नियमाने माल भरणाऱ्याच्या खिशातून ओव्हरलोडवाल्याची दुरुस्ती करतो.

यावरचा विचार जुनाच आहे. इंग्लंडमध्ये १७५३ च्या कायद्याने टोलरस्त्यांवर रुंद चाकांच्या मालगाड्यांना सवलत दिली, कारण अरुंद चाकं रस्ता कापत जात. स्वित्झर्लंडमध्ये २००१ पासून अवजड गाड्यांना मान्य वजन गुणिले किलोमीटर असा आकार लागतो, गाडी धूर किती सोडते तेही बघतात. जर्मनीने २००५ पासून उपग्रहाच्या मदतीने ट्रककडून नाक्याशिवाय टोल घ्यायला सुरुवात केली. आधी तो मुख्यतः द्रुतगती महामार्गांवर होता. टोल चुकवायला गाड्या शेजारच्या रस्त्यांवर उतरणं ओघानेच आलं, आणि ते रस्ते तेवढ्या वजनासाठी बांधलेले नसतात. २०१८ मध्ये जर्मनीने आपल्या केंद्र सरकारच्या अखत्यारीतले सगळे महामार्ग टोलखाली आणले. पळवाट उरली की ओझं सगळ्यात अशक्त रस्त्यावर जाऊन पडतं, हे मी स्वतः पाहिलंय.

तेव्हा तुमच्या संघटनेने टोलमाफी मागण्यापेक्षा चालत्या गाडीचं वजन करणारे काटे मागावेत, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : वर्षानुवर्षं टोल भरतोय. खड्डे आहेत तसेच आहेत. पैसा जातो कुठे?

उत्तर : सगळ्यात जास्त पत्रं याच प्रश्नाची आहेत, म्हणून इथे थोडी रेंगाळते.

नोकरीतला माझा पहिलाच पावसाळा. हमरस्त्याचा एक तुकडा तपासायला मला पाठवलं होतं. वरून रस्ता छान दिसत होता, काळाभोर, सपाट. फक्त चाकांच्या पट्ट्यात केसाएवढ्या बारीक चिरांचं जाळं होतं. मी वहीत ‘स्थिती चांगली’ लिहायला घेतलं, तर सोबतचे मुकादम म्हणाले, “बाई, थांबा. एक ट्रक जाऊ द्या.” भरलेला ट्रक वरून गेला आणि त्या चिरांतून पिवळट पाणी उसळून वर आलं. मुकादमांनी उकिडवं बसून ते बोटावर घेतलं आणि माझ्या तळहातावर चोळलं. पिठासारखी मऊ माती होती. “ही डांबराच्या खालची. प्रत्येक गाडीमागे एवढी बाहेर येतेय.”

खड्डा होतो तो असा. चिरेतून पाणी आत शिरतं, खालचा थर भिजतो, आणि प्रत्येक चाक त्या पाण्याला दाबून पिचकारीसारखं बाहेर काढतं. जाताना ते बारीक माती घेऊन जातं. आत पोकळी होते, वरचं डांबर अधांतरी राहतं आणि एक दिवस बसतं. तुम्हाला खड्डा दिसतो त्या दिवशी तो आजार महिन्यांचा जुना असतो.

मी चिरा भरण्यासाठी गरम डांबर आणि चार माणसं मागितली. उत्तर आलं, यंदा तरतूद नाही. पुढच्या वर्षी तोच तुकडा पार खालच्या थरापर्यंत उकरून नव्याने करावा लागला, आणि त्याला मात्र तरतूद होती. तो कागद मी बरीच वर्षं जपून ठेवला होता.

हे दुखणं जगभरचं आहे. जागतिक बँकेने १९८८ मध्ये ८५ विकसनशील देशांतल्या रस्त्यांचा हिशेब मांडला होता. वेळेवर देखभालीला १२ अब्ज डॉलरही लागले नसते, तिथे सुमारे ४५ अब्जांचे रस्ते वाया गेले होते. चिरा भरल्याचं उद्घाटन होत नाही, म्हणून अंदाजपत्रकात कात्री लागली की पहिल्यांदा देखभालीला लागते. टोलचा खरा उपयोग मला इथे दिसतो. दर महिन्याला येणारा पैसा असेल आणि तो दुसरीकडे वळवता येणार नाही असं लेखी असेल, तर चिरा त्याच वर्षी भरता येतात. टोल मुळात आला तो दुरुस्तीसाठीच. १६६३ मध्ये इंग्लंडच्या संसदेने ग्रेट नॉर्थ रोडवर तीन परगण्यांना टोल घ्यायची परवानगी दिली, ती मालगाड्यांनी उखडलेला जुना रस्ता नीट करायला दिली होती.

पण तुमचा प्रश्न पैसा जातो कुठे, हा आहे. कर्ज काढून बांधलेल्या टोलरस्त्यावर पैशाचा पहिला हक्क बहुधा त्या कर्जाचा असतो. मग व्याज, वसुलीचा खर्च, गुंतवणूकदाराचा नफा. देखभाल रांगेत शेवटी उभी असते. शेवटच्याला किती मिळणार ते करारात पक्कं लिहिलं नसेल, तर काही उरत नाही.

टोल घेतला म्हणजे देखभाल झाली, असं कुणी म्हणालं की मला इटलीतल्या जेनोवाचा पूल आठवतो. तो टोलच्या महामार्गावरच होता. १४ ऑगस्ट २०१८ ला भर पावसात तो कोसळला आणि ४३ माणसं गेली. त्या पुलाचे पोलादी ताण, म्हणजे मनोऱ्यावरून पूल तोलून धरणाऱ्या तारा, काँक्रीटमध्ये गुंडाळलेले होते, त्यामुळे आतला गंज बाहेरून दिसत नव्हता. १९९० च्या दशकात त्यातल्या एका मनोऱ्याच्या ताणांना बळकटी दिली होती. पडला तो दुसरा मनोरा, ज्याला तशी बळकटी मिळालीच नाही. हे वाचलं तेव्हा मला झोप लागली नव्हती.

म्हणून पावती घेताना मनात राग साठवण्याऐवजी दोन गोष्टी लेखी विचारा. गेल्या वर्षी जमलेल्या टोलपैकी देखभालीवर किती गेला? आणि रस्त्याचा खडबडीतपणा मोजला होता का, किती भरला? तो मोजण्याचं यंत्र गाडीला लावून एका दिवसात कितीतरी किलोमीटर होतात. आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर टोल कापायचा, अशी अट करारात घालता येते. ती घातली की चिरा पटापट भरल्या जातात.

प्रश्न : मॅडम, मी रुग्णालयात परिचारिका आहे. सकाळच्या गर्दीत जास्त टोल लावायचं म्हणतात. मला आठला हजर व्हावंच लागतं. ज्यांना वेळ बदलता येत नाही त्यांना दंड कशासाठी?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. या पद्धतीची बाजू मी घेते, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय ती घेण्याचा मला हक्क नाही.

आधी ती चालते कशी ते सांगते. महामार्गाची एक लेन तासाला साधारण २००० गाड्या सोडते. त्याहून जास्त आत शिरल्या की माणसं ब्रेक मारू लागतात, प्रवाह तुटतो, आणि मग त्याच लेनमधून २००० पेक्षाही कमी गाड्या बाहेर पडतात. म्हणजे रस्ता सगळ्यात जास्त हवा असतो नेमका तेव्हाच तो कमी काम करतो. यातला दिलासा असा की प्रवाह पुन्हा सुरू व्हायला निम्म्या गाड्या हटवाव्या लागत नाहीत. थोड्या हटल्या तरी पुरतं. स्वीडनमधल्या स्टॉकहोममध्ये २००६ च्या जानेवारी ते जुलै गर्दीच्या टोलचा प्रयोग झाला. शहराच्या वेशीवरची वाहतूक पाचव्या हिश्शाने कमी झाली आणि रांगा त्याहून कितीतरी जास्त आटल्या. प्रयोग थांबला तशा गाड्या परत वाढल्या. सप्टेंबरमध्ये शहराने जनमत घेतलं, कौल बाजूने आला आणि २००७ पासून टोल कायमचा झाला. सुरुवातीला विरोध करणाऱ्या कितीतरी जणांनी रिकामा रस्ता पाहून मत बदललं.

सिंगापूर याच्याही आधीचं, १९७५ चं. तिथे शहराच्या मध्यभागी मोटार न्यायला सकाळी साडेसात ते साडेनऊ विकतचा परवाना लावला, तर लोक साडेनऊ वाजून गेल्यावर एकदम आत घुसू लागले. काही आठवड्यांतच वेळ सव्वादहापर्यंत वाढवावी लागली. १९९८ पासून तिथे दर यंत्राने कापला जातो, आणि तो ठरवताना गाड्यांचा वेग बघतात : द्रुतगती मार्गावर ताशी ४५ ते ६५ किलोमीटर राहिला पाहिजे. वेग त्याखाली गेला तर दर चढतो, वर गेला तर उतरतो. मला हा भाग फार मोलाचा वाटतो. इथे दर उतरवण्याचीही अट आहे. जमेल तेवढं वसूल करायचं असं धोरण असतं तर ती नसती.

आता तुमचं. गर्दीचा टोल ज्याला वेळ बदलता येते त्याने बदलावी म्हणून असतो. तुम्हाला बदलता येत नाही, म्हणून तुमच्यासाठी दुसरा रस्ता आधी तयार असायला हवा. स्टॉकहोमने टोलच्या चार-पाच महिने आधी, ऑगस्ट २००५ पासून, जादा बस सुरू केल्या होत्या. बस आधी, टोल नंतर, हा क्रम मी सोडायला तयार नाही. न्यूयॉर्कमध्ये जानेवारी २०२५ पासून मॅनहॅटनच्या दक्षिण भागात येणाऱ्या मोटारीला दिवसा ९ डॉलर आणि रात्री सव्वादोन डॉलर लागतात. तो पैसा भुयारी रेल्वे आणि बससाठी आहे. तुमच्या पाळीच्या वेळेला बस नसेल आणि तरी कुणी जादा टोल लावत असेल, तर तुम्ही विरोध करा. मी तुमच्या बाजूने उभी राहीन.

एक घोटाळा मात्र सगळीकडे दिसतो. दुरुस्तीचा टोल वजनावर हवा आणि गर्दीचा टोल वेळेवर. पहाटे तीनला जाणारा भरलेला ट्रक रस्ता झिजवतो, पण कुणाची वाट अडवत नाही. तुमची छोटी मोटार सकाळी पावणेआठला वाट अडवते, रस्ता झिजवत नाही. दोघांना दिवसभर एकच ठरावीक पावती फाडली, तर ट्रकवाला माल कमी करत नाही आणि मोटारवाला वेळ बदलत नाही. फक्त पैसे जमतात.

प्रश्न : कोंडी नाक्यावरच होते, मग टोलने कोंडी कमी कशी होणार?

उत्तर : खरं आहे. रोख घेणारी खिडकी तासाला साधारण साडेतीनशे गाड्या सोडते आणि मागची एक लेन २००० आणून ओतते. एका लेनला पाच-सहा खिडक्या हव्यात, त्या सगळ्या उघड्या नसतातच. गाडी न थांबवता टोल कापता येत नसेल, तर कोंडी कमी करायचं नाव त्या टोलला देऊ नये.

प्रश्न : रस्त्याची कामं रात्रीच का काढता? घर रस्त्यालगत आहे, झोप होत नाही.

उत्तर : दिवसा एक लेन बंद केली तर तिच्या गाड्या उरलेल्या लेनमध्ये शिरतात आणि वर सांगितला तसा प्रवाह तुटतो. लंडनमध्ये तर २०१२ पासून गर्दीच्या रस्त्यावर गर्दीच्या वेळी खोदकाम करणाऱ्याकडूनच जागेचं भाडं घेतात, दिवसाला २,५०० पौंडांपर्यंत. काम रात्री उरकलं तर ते वाचतं किंवा कमी होतं. रस्ता अडवणाऱ्या प्रत्येकाने वेळेची किंमत द्यावी, त्यात ठेकेदारही आला, हे मला पटतं.

पण रात्रीची एक अडचण आमचीही असते. डांबरमिश्रित खडी दीडशे अंशांच्या आसपास तापलेली येते आणि ती नव्वदच्या खाली जाण्याआधी रोलर फिरवून संपवावा लागतो. नाहीतर ती दबत नाही, पाणी पिते आणि चिरा पडतात. थंड हवेत, पातळ थर असेल तर हातात दहा-पंधरा मिनिटंच असतात. म्हणून तुमच्या खिडकीखाली रोलर मागे-पुढे इतक्या घाईने पळत असतो. तो मागे येताना वाजणारा भोंगा माणसांच्या जिवासाठी आहे, तो बंद करता येणार नाही. बाकी आवाजासाठी काम कोणत्या रात्री आणि किती वाजेपर्यंत चालेल ते आधी कळवायला सांगा. तेवढं कळवणं अवघड नाही, आम्ही दारोदार चिठ्ठ्या टाकायचो.