रेगन, बुश आणि ट्रम्प: रिपब्लिकनांचं आपसातलं भांडण नेमकं कशावरून?

प्रश्न असा आहे : "रिपब्लिकन पक्षाचेच समर्थक आज बुश पितापुत्रांना नावं ठेवतात, काही जण तर रेगननाही सोडत नाहीत. ट्रम्पनी पक्ष ताब्यात घेतला म्हणून हे झालं का? आणि जुना पक्ष परत येईल का?"

माझं मत आधी सांगतो. ट्रम्पनी पक्ष पळवला, हे फार तर अर्धसत्य आहे. मतदारांचा आपल्याच नेत्यांवरचा विश्वास २००३ ते २००८ या काळात उडाला होता. ट्रम्प आले ते त्यानंतर, २०१५ मध्ये.

मुळात या पक्षात भाऊबंदकी जुनीच. १९६४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या पक्ष-अधिवेशनात मवाळ गटाचे नेल्सन रॉकफेलर बोलायला उभे राहिले, तर कट्टर गटाचे नेते गोल्डवॉटर यांच्या समर्थकांनी त्यांची हुर्यो उडवली. १९७६ मध्ये रेगन हे आपल्याच पक्षाच्या विद्यमान राष्ट्राध्यक्षांविरुद्ध, जेराल्ड फोर्डविरुद्ध, उमेदवारीसाठी लढले आणि थोडक्यात हरले. आज ज्यांचा फोटो पक्षनिष्ठेची खूण म्हणून लावला जातो, ते स्वतः बंडखोर म्हणूनच वर आले.

शिवाय प्रत्येक गटाचे रेगन वेगळे आहेत. १९८१ मध्ये त्यांनी करकपात केली, ती सगळ्यांना पाठ असते. १९८२ मध्ये त्यांनीच करवाढीच्या कायद्यावर सही केली, ते कुणी काढत नाही. १९८६ च्या कायद्याने सुमारे २७ लाख बेकायदा स्थलांतरितांना कायदेशीर दर्जा मिळाला. आजचे कट्टर समर्थक यालाच रेगनची सर्वांत मोठी चूक मानतात, कारण त्या बदल्यात सीमा बंद होईल हे आश्वासन पाळलं गेलं नाही.

ऑक्टोबर २०२५ मधला वाद या बाबतीत बघण्यासारखा आहे. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताच्या सरकारने अमेरिकन टीव्हीवर जाहिरात दिली. त्यात रेगनच्याच आवाजात टॅरिफ, म्हणजे आयात शुल्क, कसे नुकसान करतात हे ऐकू येत होतं. ट्रम्प भडकले, जाहिरात बनावट आहे म्हणाले आणि कॅनडाशी चालू असलेली व्यापार-बोलणी त्यांनी थांबवली. रेगन फाउंडेशननेही भाषणाचे निवडक तुकडे वापरल्याची तक्रार केली. आता ते मूळ भाषण घ्या, २५ एप्रिल १९८७ चं रेडिओवरचं. वाक्यं रेगनचीच आहेत, फक्त जाहिरातीत त्यांचा क्रम बदललाय. पण ते भाषण झालं कशासाठी? सेमीकंडक्टरच्या भांडणात जपानी मालावर आपण नुकतंच टॅरिफ का लावलं, हे लोकांना समजावून सांगण्यासाठी! त्याआधी १९८३ मध्ये हार्ले-डेव्हिडसनला वाचवायला त्यांनी मोठ्या आयात मोटारसायकलींवरचं शुल्क जवळपास ४९ टक्क्यांवर नेलं होतं. म्हणजे मुक्त व्यापारावर त्यांची श्रद्धा होती, आणि गरज पडली की ते टॅरिफही वापरायचे. दोन्ही बाजू रेगनना आपल्याकडे ओढतात, आणि दोघांनाही त्यांचं अर्धंच भाषण हवं असतं.

रेगननंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या थोरल्या बुशची गोष्ट सरळ आहे. १९८८ मध्ये नवे कर लावणार नाही म्हणून शब्द दिला, १९९० मध्ये तो मोडला. १९९२ मध्ये त्यांच्याच पक्षातले पॅट ब्युकॅनन त्यांच्याविरुद्ध उभे राहिले आणि न्यू हॅम्पशायरच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडण्याच्या मतदानात, विद्यमान राष्ट्राध्यक्षाविरुद्ध ३७ टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन गेले. त्यांचे मुद्दे काय होते? परदेशातल्या लष्करी हस्तक्षेपाला विरोध, स्थलांतराला लगाम आणि देशी कारखान्यांना संरक्षण. ट्रम्पच्या चोवीस वर्षं आधी! तेव्हा पक्षाने हे मतदार किरकोळ समजून बाजूला सारले, आणि त्याची किंमत पुढे मोजली.

खरा तडा गेला तो धाकट्या बुशच्या काळात. सिनेटमध्ये इराक युद्धाच्या ठरावाला ४९ पैकी ४८ रिपब्लिकनांनी होकार दिला होता. महासंहारक शस्त्रं काही सापडली नाहीत. सैन्यात मुलं पाठवणारी गावं बहुतेक याच पक्षाला मत देणारी, त्यामुळे शवपेट्याही तिथेच आल्या. मग २९ सप्टेंबर २००८ उजाडला. बँकांना वाचवण्याचं ७०० अब्ज डॉलरचं विधेयक प्रतिनिधिगृहात आलं. ते स्वतःच्या राष्ट्राध्यक्षाचं, पण १३३ रिपब्लिकनांनी विरोधात मत दिलं आणि बाजूने फक्त ६५ जणांनी. विधेयक पडलं, शेअर बाजाराचा डाऊ निर्देशांक एका दिवसात ७७७ अंकांनी कोसळला. चार दिवसांनी सुधारित विधेयक मंजूर झालं खरं, पण सरकार बँकांना वाचवतंय, आपल्याला नाही, हे घर गमावणाऱ्या माणसाला दिसून गेलं होतं. मला कुणी या सगळ्या इतिहासातला एकच दिवस निवडायला सांगितला, तर मी हाच निवडेन.

म्हणून फेब्रुवारी २०१६ मधली ग्रीनव्हिलची वादसभा समजून घ्या. साऊथ कॅरोलायना म्हणजे बुश घराण्याचा गड, सैनिकी तळांचं राज्य. समोर धाकट्या बुशचे भाऊ जेब बुश उभे. तिथे ट्रम्प म्हणाले की इराक युद्ध ही प्रचंड मोठी चूक होती आणि शस्त्रांबद्दल लोकांशी खोटं बोललं गेलं. सभागृहाने हुर्यो उडवली. टीव्हीवरचे विश्लेषक म्हणाले, संपला हा माणूस. आठवड्याने ट्रम्पनी ते राज्य जिंकलं, उमेदवार ठरवणारे तिथले सगळेच्या सगळे ५० प्रतिनिधी मिळवले, आणि जेब बुश त्याच रात्री शर्यतीतून बाहेर पडले. सभागृहात बसलेले आणि राज्यभर मतदान करणारे, हे दोन वेगळे पक्ष झाले होते.

या रागाला न्याय देताना एक गोष्ट मात्र मला खटकते. जुन्या चुकांची जबाबदारी प्रामाणिकपणे घेतली जात नाही. २०२४ च्या अधिवेशनात ट्रम्पचे उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जे. डी. व्हान्स यांनी नाफ्ता (अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांचा मुक्त व्यापार करार) आणि इराक युद्ध या दोन्हींना पाठिंबा दिल्याचं खापर बायडेनवर फोडलं. बायडेननी मत दिलं होतं, यात वाद नाही. पण १९९३ मध्ये प्रतिनिधिगृहात नाफ्ता मंजूर झाला तो १३२ रिपब्लिकन आणि १०२ डेमोक्रॅट मतांवर. हा हिशेब त्या व्यासपीठावरून कुणी मांडला नाही.

आपल्याकडच्या मंडळींना हे भांडण सर्वांत जवळून दिसलं ते कुशल परदेशी कामगारांच्या एच-१बी व्हिसावरून. डिसेंबर २०२४ मध्ये उद्योजक मस्क आणि रामस्वामी एका बाजूला, ट्रम्पचे जुने सल्लागार स्टीव्ह बॅनन आणि त्यांचे लोक दुसऱ्या बाजूला. उद्योगांना कुशल माणसं हवीत की अमेरिकन कामगाराला आधी संधी, हा जुनाच वाद. त्या वेळी ट्रम्प व्हिसाच्या बाजूने बोलले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनीच नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं. पुण्यातून किंवा न्यू जर्सीतून 'रिपब्लिकन म्हणजे उद्योगस्नेही' एवढ्या एका समजुतीवर जे बेत आखत होते, त्यांनी हा पक्ष आतून दुभंगलेला आहे हे आता तरी लक्षात घ्यावं.

जुना पक्ष परत येईल का? होता तसा नाही. ट्रम्पच्या कडव्या विरोधक लिझ चेनी २०२२ मध्ये वायोमिंगच्या प्रायमरीत दणदणीत हरल्या. ट्रम्पविरुद्ध उमेदवारीसाठी लढलेल्या निकी हेली २०२४ मध्ये फक्त व्हरमाँट आणि वॉशिंग्टन डीसी जिंकू शकल्या, स्वतःचं साऊथ कॅरोलायना वीस टक्क्यांनी गमावलं. पण जुन्यातलं सगळंच गेलेलं नाही. करकपात आणि न्यायाधीशांच्या नेमणुका यांवर दोन्ही गटांचं बरंचसं जमतं. इराक युद्ध बरोबर होतं असं म्हणून आता कुणी प्रायमरी जिंकेल असं मला वाटत नाही. टॅरिफ कमी करा म्हणणारा मात्र जिंकू शकतो. २०१८ मध्ये ट्रम्पच्या टॅरिफला उत्तर म्हणून चीनने सोयाबीनवर उलट शुल्क लावलं, तेव्हा शेतकऱ्यांना सावरायला सरकारला दोन हप्त्यांत २८ अब्ज डॉलरची मदत जाहीर करावी लागली होती, आणि आयोवातले ते शेतकरी आजही रिपब्लिकनांनाच मत देतात.