नागलीपासून सुरुवात कर

नाशिक

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या संशोधन प्रकल्पाचा मसुदा दोनदा वाचला. ‘विकसनशील देशांतील विद्यापीठांचे शाश्वत शेतीसाठी सहकार्य’ हे शीर्षक आधी खोड. त्यात ना पीक आहे, ना गाव. तू सुरगाण्याची. तुझ्या आजीच्या वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीत नागली, म्हणजे नाचणी होते. ती मूळची पूर्व आफ्रिकेतली, युगांडा-इथिओपियाच्या डोंगराळ भागातली. काही हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे आली. करपा रोग तिच्यावर तिकडेही पडतो, इकडेही. आपण राब भाजून, म्हणजे पालापाचोळा जाळलेल्या वाफ्यात रोप करतो आणि मग आवणी, म्हणजे रोपांची लावणी करतो. तिकडे बहुतेक जण बी फेकून पेरतात, मग निंदणीत बायकांची कंबर मोडते. दोन विद्यापीठांनी मिळून सोडवावा असा प्रश्न तुझ्या बांधावर उभा आहे, आणि मसुद्यात नागलीचं नावही नाही!

युगांडात कंपालाला मकेरेरे विद्यापीठात रुफोरमचं मुख्यालय आहे. आफ्रिकेतल्या 10 विद्यापीठांनी 2004 मध्ये सुरू केलेली ही संघटना. आज तिच्यात शंभराहून जास्त विद्यापीठं आहेत. सगळ्यांनी सगळं शिकवायचं नाही, हे त्यांनी ठरवलं. पिकांची पैदास मकेरेरेत, कोरडवाहू भागाचा अभ्यास नैरोबीत, मत्स्यशेती मलावीत, आणि विद्यार्थी सीमा ओलांडून तिथं शिकायला जातात. अनुदान प्राध्यापकाला मिळतं, पण त्यातून विद्यार्थी घडले पाहिजेत आणि काम शेतकऱ्यांसोबत झालं पाहिजे. मला हे फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी 4 कृषी विद्यापीठं आहेत, संयुक्त ॲग्रेस्कोत, म्हणजे त्यांच्या संशोधनाच्या बैठकीत ती एकत्र बसतातही. पण राहुरीची मुलगी हंगामभर दापोलीत राहून नागलीवर काम करतेय, असं मी क्वचितच पाहिलं. म्हणून कंपालाला पत्र लिहिण्याआधी दापोलीला फोन कर.

बी परदेशी पाठवायचं तर जैवविविधता कायदा आणि क्वारंटाइनचे नियम आधी बघ, मगच वेळापत्रक आख.

आता जे मला खरं सांगायचंय ते. उमेदीच्या वर्षांत आम्ही पेठ-हरसूलच्या पाड्यांवरून नागलीची वाणं गोळा केली. बायांनी राखेत जपलेलं बी ओंजळीनं दिलं. अहवाल झाला, पाड्यावर परत कुणी गेलं नाही. मीही नाही. काही वर्षांनी हरसूलच्या बाजारात एका बाईनं ओळखलं आणि विचारलं, “सर, आमच्या बियाचं काय निघालं?” मला उत्तर देता आलं नाही. ते अजून सलतं. तुझ्या अंदाजपत्रकात परतीच्या फेरीचे पैसे वेगळे धर: निष्कर्ष पाड्यावर जाऊन त्यांच्या बोलीत सांगायचे, बी वाढवून परत द्यायचं. हा खर्च कुणी कापायला सांगितला तर दुसरा काप, हा नको.

रविवारी घरी ये. आजीकडच्या गरव्या, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या नागलीचं मूठभर बी आण, आणि तिला ती कोणत्या नावानं ओळखते, ते तिलाच विचारून लिहून आण.

तुझे,
सर