हार्डवेअर चाचणीचा पडदा येतच नाही

प्रश्न : चोपड्यात माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. जळगावहून घेतलेला जुना ब्रँडेड डेस्कटॉप काम करताना मधेच अडकतो. चाचणी करावी म्हणून चालू करताना एफ१२ दाबतो, पण थेट विंडोज ११ उघडतं. दुरुस्तीवाला मदरबोर्ड बदला म्हणतो. काय करू?

उत्तर : मदरबोर्डचे पैसे आत्ता देऊ नका. विंडोज उघडतंय, तर चाचणी न येण्याचं कारण बहुधा साधं आहे : दाबलेलं बटण संगणकाला वेळेवर कळत नाही.

बटण कंपनीगणिक वेगळं असतं. डेलला एफ१२ दाबून यादीतून ‘डायग्नोस्टिक्स’ निवडायचं. एचपीला एस्केप आणि मग एफ२. लेनोवोच्या बऱ्याच थिंकसेंटरना एफ१०. पॉवर दिल्यापासून ते सेकंदाला एकदा टकटक दाबत राहा. लोगोची वाट पाहू नका, कारण मॉनिटर म्हणून टीव्ही जोडला असेल तर चित्र येईपर्यंत वेळ निघून जाते. दाबून धरूही नका, काही बोर्ड ते बटण अडकलंय असं समजतात.

खरी गोम ‘शट डाउन’मध्ये असते. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर संगणक पुरता बंद होतच नाही. शिफ्ट धरून शट डाउन करा, किंवा सरळ रीस्टार्ट करून त्या वेळी बटण दाबा.

वायरलेस कीबोर्ड आणि यूएसबी हब बाजूला ठेवा. साधा वायरचा कीबोर्ड मागच्या काळ्या यूएसबी पोर्टमध्ये लावा आणि चालू होताना नम लॉक दाबून बघा. दिवा लागतो-विझतो, तर कीबोर्ड जागा आहे. दिवा विंडोज आल्यावरच हलतो, तर बायोसमधलं (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्रॅममधलं) फास्ट बूट यूएसबी वगळून पुढे जातंय. अशा वेळी बायोसमध्ये शिरायचं ते विंडोजमधून : शिफ्ट धरून रीस्टार्ट, मग ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज. तिथे फास्ट बूट बंद करा. डेलमध्ये ‘मिनिमल’ऐवजी ‘थरो’ निवडा.

आता जुन्या मशीनची खास अडचण. विकणारे बहुतेक वेळा जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी घालतात. एचपीची पूर्ण चाचणी डिस्कवरच्या छोट्या पार्टिशनमध्ये असते, ती डिस्कबरोबर निघून जाते. कंपनीच्या साइटवरून तिचा यूईएफआय प्रकार (विंडोजशिवाय चालणारा) एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, पेनड्राइव्ह लावून एफ२ दाबा. पेनड्राइव्ह फॉरमॅट होईल, आधी रिकामा करा.

इतक्यानेही जमलं नाही तरच बायोस रीसेट. त्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवा आणि बायोसमध्ये साटा मोड, म्हणजे डिस्क जोडण्याची पद्धत, ‘एएचसीआय’ आहे की ‘रेड’ याचा फोटो घ्या. रीसेटमध्ये मोड बदलला, तर विंडोज उघडणारच नाही आणि नवाच घोळ होईल. मग वायर काढा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा, मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल काढून ५ मिनिटांनी नवा बसवा. घड्याळ वारंवार मागे पडत असेल, तर सेल संपलाच आहे.

मधेच अडकण्यासाठी मात्र पहिला संशय रॅमवर, म्हणजे मेमरीच्या पट्टीवर. वायर काढून पट्टी उपसा, सोनेरी कडा खोडरबराने हलक्या पुसा, दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून चाचणी घ्या.

प्रश्न : चाचणी सुरू होते, पण मेमरी टेस्टच्या मधेच संगणक बंद पडतो. घर जिनिंगजवळ आहे.

उत्तर : हे गरम होण्याचं लक्षण. मे महिन्यात आपल्याकडे खोलीच चाळिशीपार असते, त्यात जिनिंगमधलं कापसाचं तूस हीट सिंकच्या (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांमध्ये नमद्यासारखं बसतं. वरून पंखा स्वच्छ दिसतो, थर त्याच्या खाली असतो. पंखा काढा, थर चिमट्याने उचला, मग ब्लोअर मारा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर वेड्यासारखा फिरून बेअरिंग जातं. हीट सिंक उचलला, तर प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी लावा. तरीही बंद पडला, तर दुसरा पॉवर सप्लाय लावून बघा.